मल्हारीचा श्वान

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, म्हणजे चंपाषष्ठी. आमच्या मल्हारगंजातील मराठी घरांत त्या दिवशी सकाळपासूनच वांग्याच्या भरताचा व बाजरीच्या भाकरीचा वास दरवळू लागतो. तळी भरली जाते, भंडारा उधळला जातो, येळकोटाचा गजर होतो आणि मग घरातील वडीलधारी स्त्री नैवेद्याची एक भाकरी हाती घेऊन दाराबाहेर जाते. ती भाकरी असते कुत्र्याची. माझ्या लहानपणी हा मान आजीचा असे. गल्लीतील खरजेने हैराण झालेले एक कुत्रे त्या दिवशी आमच्या ओट्यापाशी येऊन बसे, आणि आजी त्याच्यापुढे भाकरी ठेवून हात जोडी. आम्ही मुले भुकेने कासावीस झालेली. एकदा मी वैतागून विचारले, "आजी, आम्ही अजून उपाशी, आणि याला आधी का?" आजीने वळूनही न पाहता उत्तर दिले, "देव घोड्यावर बसतो, हा त्याच्या मागून पायी चालतो. जो पायी चालतो त्याला आधी वाढावे."

पुढे कायद्याचा अभ्यास केला, वकिलीत वीस वर्षे घालवली, न्यायाच्या अनेक व्याख्या पाठ केल्या. परंतु आजीच्या त्या एका वाक्याइतकी सुटसुटीत व्याख्या मला अद्याप आढळलेली नाही. प्रस्तुत लेखाला निमित्त मात्र त्या व्याख्येचे नसून त्या पायी चालणाऱ्याचे आहे. मल्हारीच्या मागून चालणारा हा श्वान कोण? आपल्या इतिहासात त्याची नोंद कोठे सापडते? आणि आज तो कोणत्या स्थितीत आहे?

मल्हारगंज हे नावच मुळी मल्हाररावांच्या नावावरून आलेले, आणि मल्हाररावांचे नाव मल्हारी मार्तंडावरून. नीरेकाठच्या होळ या गावावरून होळकर म्हणवून घेणारे हे धनगराचे कुळ. थोरल्या मल्हाररावांचा जन्म १६९३ चा, मृत्यू १७६६ चा. मेंढरांमागून निघालेला हा मुलगा माळव्याचा सुभेदार झाला, तेव्हा त्याने आपला देवही बरोबर आणला. इंदूरच्या राजवाड्यात आजही मल्हारी मार्तंडाचे देवघर आहे, आणि तिकडे जेजुरीच्या गडावरील बांधकामात होळकरांचा मोठा वाटा आहे. खंडोबा हा राजाचा देव होण्यापूर्वी मेंढपाळाचा देव होता, आणि मेंढपाळाच्या देवापाशी कुत्रा नसेल तर तो मेंढपाळ कसला? खंडोबाचा टाक पाहिला तर घोड्यावर देव व म्हाळसा आणि घोड्याच्या पायाशी कुत्रा, ही मांडणी वारंवार दिसते. एवढेच नव्हे, तर खंडोबाला वाहिलेले वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे मानतात. कोटंब्यात भिक्षा घ्यायची, प्रसंगी कुत्र्यासारखे भुंकायचे, जमिनीला तोंड लावून खायचे, हा त्यांचा आचार. महाराष्ट्रात जेजुरीला आणि कर्नाटकात मैलाराच्या क्षेत्री या आचाराची रूपे पाहावयास मिळतात. जर्मन पंडित गुंथर सोंथायमर यांनी धनगरांच्या दैवतांचा अभ्यास करताना या श्वानरूपी भक्तांकडे फार आस्थेने पाहिले. हे सोंथायमर मूळचे हिंदू कायद्याचे अभ्यासक होते व एकत्र कुटुंबपद्धतीवर त्यांचा ग्रंथ आहे, हे माझ्या व्यवसायबंधूंना कळले तर त्यांनाही या विषयात थोडे स्वारस्य वाटेल, अशी आशा आहे.

कोंकणी वाचकांना येथे एक गोष्ट आठवण करून द्यावीशी वाटते. आपण मराठी बोलणाऱ्यांनी 'कुत्रा' हा शब्द पत्करला. कोंकणीने मात्र 'सुणें' हा संस्कृत शुनकाचा वंशज घरात जपून ठेवला. जुन्या मराठीतही 'सुणे' होतेच. आपण ते कधी टाकले, हे आपल्यालाही कळले नाही. शब्दांचे जे झाले तेच पुढे प्राण्याचेही झाले, असे या लेखाच्या अखेरीस वाचकाला वाटण्याचा संभव आहे.

वकिलाची पहिली खोड म्हणजे ओळख पटविणे. टाकावरील कुत्रा इतका लहान असतो की त्याची जात ठरविणे कोणालाही शक्य नाही. धनगराच्या वाड्यावरचा कुत्रा पाहिला तर तो राखणीचा, अंगाने दणकट, रात्री लांडग्यावर धावून जाणारा. पण मल्हारी शिकारीला निघतो अशी कथा आहे, आणि शिकारीचा कुत्रा वेगळा. शिकारी कुत्र्यांचीही दोन घराणी आहेत. एक घराणे नाकाने शिकार करते, दुसरे डोळ्यांनी. हा भेद लक्षात घेतल्याखेरीज आपल्या भूमीतील श्वानाचा इतिहास उलगडत नाही, म्हणून येथे थोडा विस्तार करतो.

नाकाने शिकार करणाऱ्या घराण्याचा मेरुमणी म्हणजे ब्लडहाउंड. बेल्जियमच्या आर्देन अरण्यात संत ह्यूबर्ट यांच्या नावाचा मठ आहे. ह्यूबर्ट ७२७ साली निवर्तले. त्यांच्या मागे मठातील साधूंनी ही जात जोपासली, अशी परंपरा सांगते. या कुत्र्याचे कान लोंबते व लांब, कातडी सैल व घड्यांची, चेहरा एखाद्या वयोवृद्ध न्यायाधीशासारखा उदास. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख मानल्या जातात. या कुत्र्याच्या नाकात त्या सुमारे तीस कोटी असाव्यात असा अंदाज आहे. दिवस उलटून गेलेला मागही तो काढतो. पळण्याची त्याला घाई नसते. नाक जमिनीला टेकवून तो एकाच गंधाचा धागा धरून चालत राहतो, आणि वाटेत शंभर गंध आडवे आले तरी तो धागा सोडीत नाही. स्कॉटलंडच्या सीमेवर गुरेचोरांचा माग काढण्यास असे कुत्रे ठेवीत. त्यांना 'स्लूथहाउंड' म्हणत, आणि इंग्रजीत गुप्तहेराला 'स्लूथ' म्हणतात तो शब्द याच कुत्र्याचा उतारा आहे.

आपल्याकडे गंधाने माग काढणाऱ्या श्वानाची कल्पना नव्हती असे मुळीच नाही. ऋग्वेदातील सरमा ही देवशुनी पणींनी लपविलेल्या गाईंचा माग काढीत थेट त्यांच्या गुहेपर्यंत पोहोचते. तिच्याच नावाने महाभारताच्या आदिपर्वात एक कथा येते. जनमेजयाच्या सत्रात तिच्या पिल्लाला राजाच्या भावांनी मारले. त्याने हविर्द्रव्याला तोंडही लावलेले नव्हते. सरमा सत्राच्या ठिकाणी येऊन विचारते, की माझा मुलगा निरपराध असता त्याला का मारले? कोणी उत्तर देत नाही, आणि ती शाप देते. या महाकाव्याच्या उंबरठ्यावर एका कुत्रीची फिर्याद उभी आहे, आणि त्याच महाकाव्याच्या अखेरीस धर्मराजाच्या मागून स्वर्गाच्या दारापर्यंत चालत गेलेला एक कुत्रा आहे. दोन्ही ठिकाणी प्रश्न न्यायाचाच.

प्रत्यक्ष व्यवहारात मात्र मराठी मुलुखात माग काढण्याचे काम कुत्र्याने नव्हे, माणसाने केले. चोरी झाली की रामोशी वा गावचा जागल्या पाऊलखुणा धरून निघे. माग ज्या गावाच्या शिवेत जाऊन थांबेल त्या गावाने चोर द्यावा, नाही तर माग आपल्या शिवेबाहेर काढून दाखवावा, नाही तर नुकसान भरून द्यावे, असा दंडक होता. पेशवाई बुडाल्यानंतर एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला त्यात गावाच्या या जबाबदारीचे वर्णन आहे. जे काम स्कॉटलंडच्या सीमेवर नाकाने केले ते येथे डोळ्यांनी झाले. माणसाच्या बाबतीतही आपला मुलुख दृष्टीचाच ठरला.

नाकाच्या साक्षीशी माझी प्रत्यक्ष गाठ पडली ती न्यायालयात. पोलिसांचे श्वान घटनास्थळी वास घेऊन एखाद्याच्या दाराशी जाऊन भुंकले, तर तेवढ्यावरून त्याला अपराधी म्हणता येईल काय? महाराष्ट्रातून गेलेल्या अब्दुल रझाक दफेदार याच्या अपिलात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने या साक्षीवरील आक्षेपांची मांडणी केली. कुत्रा साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही, आणि त्याच्या वतीने त्याचा शिक्षक जे सांगतो ती ऐकीव गोष्ट ठरते. शिवाय माणसाचे जीवित व स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगून ठेवावे काय, ही शंका राहतेच. पुढे २००८ साली दिनेश बोरठाकूर याच्या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले, की तपासाला दिशा देण्यासाठी श्वानाचे साहाय्य घ्यावे, पण दोष सिद्ध करणारा पुरावा म्हणून ते चालणार नाही. हे मला फार शहाणपणाचे वाटते. त्यात अपमान कुत्र्याचा नाही. कुत्रा खोटे बोलत नाही. पण तो काय बोलला हे आपल्याला नेमके कळत नाही, आणि न कळलेल्या गोष्टीवरून माणसाला फासावर चढवू नये, एवढाच त्याचा अर्थ.

आता दुसऱ्या घराण्याकडे वळू. इंग्रज येथे आले तेव्हा त्यांनी आपली शिकारीची हौसही आणली. खोकडामागे धावणारे गंधश्वानांचे ताफे त्यांनी जहाजांतून आणविले. येथे खोकडाच्या जागी कोल्हा आला, इंग्लंडातील हिरवळीच्या जागी माळरान आले, आणि अडचण सुरू झाली. गंध टिकतो तो थंड, ओलसर जमिनीवर. आपल्या पठारावर सूर्य दोन हात वर आला की माती तापते आणि माग विरून जातो. शिवाय उन्हाळ्याने व रोगांनी ते कुत्रे पटापट मरत, आणि त्यांच्या जागी पुन्हा विलायतेहून नवे आणावे लागत. दक्षिणेत उटकमंडच्या थंड, दवाने भिजलेल्या कुरणांवर मात्र ही शिकार टिकून राहिली. यात योगायोग नाही, हवामानाचा न्याय आहे.

ज्या मुलुखात गंध टिकत नाही, पण नजर मात्र दोन-दोन कोस पोहोचते, त्या मुलुखाचा शिकारी कुत्रा नजरेचाच असणार. दख्खनच्या पठाराने तो घडविला. त्याचे नाव कारवानी.

ज्याने कारवानी पाहिला नाही त्याला पहिल्या भेटीत तो उपाशी वाटतो. नराची खांद्यापाशी उंची सव्वादोन फुटांच्या आसपास, मादी त्याहून थोडी कमी. डोके लांब व अरुंद, जबडा बळकट, डोळे मोठे आणि दूरवर लागलेले, छाती खोल, पोट पाठीला भिडलेले, पाय लांब, शेपूट खाली सोडलेली व टोकाशी वळलेली. अंगावर चरबी नाही. बरगड्या मोजता येतात. केस आखूड व तुळतुळीत. कान, शेपूट व पायांवर रेशमी झालर असेल तर त्याला 'पश्मी' म्हणतात. रंग पिवळट तांबूस, पांढरा, काळा, राखी, कवडा असे अनेक. उभा असता तो उदास दिसतो. पण दूर माळावर ससा उठला की तोच कुत्रा एका क्षणात ताणलेल्या धनुष्यातून सुटलेल्या बाणासारखा होतो. भुंकणे त्याला फारसे ठाऊक नाही. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. लाडीगोडी करून तो शिकत नाही, आणि मारून तर मुळीच नाही. एकदा माणूस आपला मानला की मग मात्र त्याची निष्ठा अढळ.

त्याचे मूळ शोधताना आपल्याला पश्चिमेकडे पाहावे लागते. अरबस्तानातील सलुकी, इराण व मध्य आशियातील ताजी, आणि आपला कारवानी यांना शेजारी उभे केले तर त्यांचे भाऊपण सांगावे लागत नाही. 'ताजी' हा शब्द मराठीलाही परका नाही. आपण तो अरबी घोड्याला लावला. तिकडे तो कुत्र्यालाही लावतात. घोडा आणि कुत्रा एकाच वाटेने आले असावेत. बहामनी व आदिलशाहीच्या काळात अरब, इराणी, पठाण व्यापारी आणि शिपाई दख्खनमध्ये येत राहिले. त्यांच्या काफिल्यांबरोबर हे कुत्रे आले, वाटेत येथील कुत्र्यांशी मिसळले आणि या मातीचे झाले, असे अनुमान सर्वसाधारणपणे मान्य आहे. कारवान म्हणजे काफिला. काफिल्यातला तो कारवानी. पुढे लमाणांच्या तांड्यांतून, पारध्यांच्या व बेडरांच्या पालांतून, शेतकऱ्यांच्या खळ्यांतून तो वाढला. सोलापूर, सांगली, विजापूर, बागलकोट या पट्ट्यात तो आजही दिसतो. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांची मालमत्ता म्हणजे हा कुत्रा. रात्री पाल राखायचा आणि दिवसा ससा आणून द्यायचा.

मग हा कुत्रा 'मुधोळ हाउंड' कसा झाला? येथे मालकीहक्काचा एक मनोरंजक दावा उभा राहतो. मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान. १६४८ साली शहाजीराजांना कैद करणारे आणि १६६४ साली शिवरायांच्या हातून मारले गेलेले बाजी घोरपडे याच घराण्यातले. कन्नड महाकवी रन्न हाही याच गावचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या संस्थानचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांचे लक्ष बेडरांपाशी असलेल्या या कुत्र्यांकडे गेले. त्यांनी ती जोपासली, निवडक जोड्या लावून वंश शुद्ध केला आणि त्यांतील एक जोडी इंग्लंडचा बादशहा पंचम जॉर्ज याला नजर केली, असे सांगतात. बादशहाच्या दरबारी जे नाव लागले ते मुधोळचे. तेव्हापासून वाद चालू आहे. केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्याला 'कॅरव्हॅन हाउंड' म्हणते, इंडियन नॅशनल केनेल क्लब त्यालाच 'मुधोळ हाउंड' म्हणते.

दावा माझ्यापुढे आला असता तर मी काय निकाल दिला असता? मालोजीरावांचे ऋण मोठे आहे. त्यांनी लक्ष घातले नसते तर ही जात कदाचित ओळखूही येऊ नये इतकी मिसळून गेली असती. पण सांभाळणाऱ्याचा हक्क आणि घडविणाऱ्याचा हक्क एक नव्हे. ज्यांनी शतकानुशतके आपल्या भाकरीतला अर्धा तुकडा या कुत्र्याला दिला त्या लमाण, पारधी, बेडरांचे नाव कोणत्याही दप्तरात नाही. त्यांतील कित्येकांना तर इंग्रज सरकारने कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरविले. राजाने नजर केली ती वस्तू राजाच्या नावावर चढली. ज्याने घडविली तो नोंदीबाहेर राहिला. 'कारवानी' या नावात निदान त्या नामरहित चालणाऱ्यांची पाऊलखूण तरी उरते, म्हणून मी ते नाव वापरतो. जो पायी चालतो त्याला आधी वाढावे.

मराठ्यांच्या इतिहासात श्वानाला मान मिळाल्याची उदाहरणे आहेत. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा खंड्या नावाचा कुत्रा होता. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचे प्राण वाचविले, म्हणून त्याला जहागीर व पालखीचा मान मिळाला. एकदा एक गर्विष्ठ सरदार भेटीस येणार असता महाराजांनी आपला शिरपेच व पगडी या कुत्र्याला घालून त्याला जरतारी पोषाखात बसविले, ही हकीकत ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या आपल्या बखरीत नमूद केली आहे. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर शाहू महाराजांच्या समाधीजवळच खंड्याचीही समाधी आहे.

दुसरे उदाहरण रायगडावरच्या वाघ्याचे. शिवरायांच्या समाधीजवळील वाघ्याचा पुतळा १९३६ साली बसविला गेला, आणि त्या कामी इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी देणगी दिली असे सांगतात. इंदूरकरांना त्यामुळे त्याविषयी आपलेपणा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु महाराजांच्या चितेत उडी घेतलेल्या वाघ्याच्या कथेला समकालीन पुरावा नाही. राम गणेश गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या 'राजसंन्यास' नाटकामुळे ती कथा मराठी मनात रुजली. २०११ साली तो पुतळा काही कार्यकर्त्यांनी काढला, पुन्हा बसविला गेला, आणि २०२५ साली तो हटविण्याच्या मागणीवरून पुन्हा वाद पेटला. वकील या नात्याने मला दोन्ही बाजूंचे म्हणणे समजते. पुराव्यावाचून इतिहास सांगू नये, हे खरे. आणि जनमानसाने जपलेली निष्ठेची प्रतिमा हाही त्या जनमानसाच्या इतिहासाचा एक दस्तऐवज आहे, हेही खरे. परंतु या वादाच्या गदारोळात मला एक गोष्ट सतत खुपत राहिली. दगडाच्या कुत्र्यासाठी आपण इतके भांडलो. त्याच काळात हाडामांसाचा कुत्रा आपल्या माळावरून कमी होत होता, त्यासाठी किती जणांनी आवाज काढला?

तो कमी का झाला याची कारणे उघड आहेत. १९४८ साली मुधोळ संस्थान विलीन झाले, आणि राजाश्रय संपला. माळराने नांगराखाली आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत वन्य प्राण्यामागे कुत्रे सोडून धावविणे हेही समाविष्ट झाले. कायदा योग्यच होता. काळवीट व ससा वाचणे अगत्याचे होते. पण एका कलमाने या कुत्र्याचा शेकडो वर्षांचा धंदा गेला, हेही विसरता येत नाही. ज्याचा धंदा गेला त्याचे पुढे काय, हा प्रश्न माणसाच्या बाबतीतही आपण उशिराच विचारतो.

अलीकडे दिवस थोडे पालटले आहेत. २००५ साली टपाल खात्याने चार भारतीय जातींच्या कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळही होता. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकातील पशुवैद्यक विद्यापीठाचे श्वानकेंद्र चालते. २०१६ च्या सुमारास सैन्याने मेरठच्या केंद्रात या जातीची पिल्ले शिक्षणासाठी नेली. २०२० साली पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात या जातीचे नाव घेतले, आणि शहरांतून मागणी एकदम वाढली. मागणी वाढणे ही जातीला वाचविणारी गोष्ट खरी, पण तीच तिला बुडविणारीही ठरू शकते. वेग वाढावा म्हणून विलायती ग्रेहाउंडशी केलेला संकर कारवानी म्हणून खपविला जातो. आणि जो कुत्रा मोकळ्या माळासाठी घडला तो चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत येऊन पडतो.

हे मी दुसऱ्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. या खटल्यातील एक आरोपी प्रस्तुत लेखकच आहे. काही वर्षांपूर्वी एका पक्षकाराने विजापूरकडून मला एक कारवानी पिल्लू आणून दिले. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी ते आले, म्हणून आम्ही तिचे नाव चंपा ठेवले. आमचे घर गल्लीत. पुढे ओटा, मागे लहानसे अंगण. रहदारीच्या भीतीने तिला साखळीने बांधून ठेवणे आले. सकाळी मी तिला दहा मिनिटे फिरवी आणि कोर्टाला जाई. आठ महिन्यांची झाली तेव्हा तिने खाणे सोडले. अंगणाच्या भिंतीकडे तोंड करून ती तासन्‌तास उभी राही. आई म्हणाली, "अरे, ही आजारी नाही. हिला दिसतच नाही काही." मला वाटले डोळे बिघडले. आई म्हणाली, "डोळे धड आहेत रे. पाहायला काही नाही."

त्याच रात्री मी १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा काढून कलम अकरा वाचले. प्राण्याला अवाजवी काळ आखूड वा जड साखळीने बांधून ठेवणे हा गुन्हा. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणे हाही मालकाचा गुन्हा. हे कलम मी दुसऱ्यांच्या बाबतीत उद्धृत केलेले होते. त्या रात्री ते मला प्रथमच नीट वाचता आले. पंधरा दिवसांत मी चंपाला धार रस्त्याकडील एका स्नेह्याच्या शेतावर नेऊन सोडले. साखळी काढली तेव्हा ती क्षणभर हलली नाही. मग दूर बांधावर एक बगळा उडाला. ती धावली ती अशी, की मी वकील असूनही मला शब्द सुचला नाही. बगळा तिला मिळाला नाही, आणि तिला त्याची खंतही दिसली नाही.

या जातीचा कुत्रा पाळू इच्छिणाऱ्या वाचकासाठी, अनुभवाने मिळालेले चार शब्द. पहिली अट जागेची: रोज सकाळ-संध्याकाळ मोकळेपणी धावण्याजोगी कुंपण घातलेली जागा नसेल तर हा मोह टाळावा. मोकळ्या रस्त्यावर त्याला सोडू नये. नजरेत काही भरले की हाक त्याच्या कानी शिरत नाही. अन्न साधे असावे. ज्वारी-बाजरीची भाकरी, दूध वा ताक, अंडे, शिजविलेले मांस हे त्याला मानवते; कांदा, द्राक्षे व चॉकलेट कोणत्याही कुत्र्याला देऊ नये. बरगड्या दिसतात म्हणून त्याला लठ्ठ करण्याचा प्रयत्न म्हणजे त्याच्या सांध्यांशी वैर. छाती खोल असल्याने जेवणानंतर लगेच धावविणे धोक्याचे. पोट फुगून जिवावर बेतते. कातडी पातळ, चरबी नाही. माळव्याच्या थंडीत रात्री गोणपाटाचे अंथरूण व आडोसा हवा. शस्त्रक्रियेची वेळ आली तर पशुवैद्याला जात आवर्जून सांगावी, कारण या घराण्यातील कुत्र्यांना काही भूल देणारी औषधे फार काळ बाधतात. तिसऱ्या महिन्यापासून पिसाळरोगाची लस, आणि पुढे दरसाल. जंतांचे औषध व गोचिडांची काळजी ही नेहमीचीच. पिल्लू घेताना त्याचे आईबाप डोळ्यांनी पाहावेत, आणि २०१७ च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याची नोंदणी आहे की नाही हे विचारावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याच्या अबोलपणाचा राग मानू नये. तो आपल्यावर प्रेम करतो, पण त्याची सही दर वेळी कागदावर मिळत नाही.

इतिहास म्हणजे केवळ समाध्या व पुतळे नव्हेत. ज्या गोष्टी आपल्या मागून मुकाट चालत आल्या, ज्यांनी ना सनद मागितली ना नाव, त्यांचा हिशेब ठेवणे हेही इतिहासाचे काम आहे. कोंकणीने आपले 'सुणें' जपले. आपण निदान आपला कारवानी तरी जपावा. तो गेला तर पुतळ्यांवरून त्याला परत आणता येणार नाही.

गेल्या चंपाषष्ठीला आजीच्या जागी आईने दाराबाहेर भाकरी नेऊन ठेवली. गल्लीतले कुत्रे नेहमीप्रमाणे आले होते. आईने एक भाकरी जास्त केली होती, ती तिने फडक्यात बांधून माझ्या हाती दिली. "शेतावर जाशील ना?" तिने विचारले. मी अजून जेवलो नव्हतो, पण निघालो. स्नेह्याच्या बांधावर पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. दूर हरभऱ्याच्या शेतापलीकडून एक तांबूस रेघ माझ्याकडे धावत येत होती. तिने मला ओळखले ते डोळ्यांनी की नाकाने, हे तिला विचारून उपयोग नव्हता, कारण तिची साक्ष कोणत्याही न्यायालयात चालणारी नव्हती. मी मात्र ती मानली, आणि भाकरी तिच्यापुढे ठेवली.